पाय दाखव गा

माझ्या थोरल्या नणंदेला माणसं चेहऱ्यानं लक्षात राहत नाहीत, पायांनी राहतात. लग्नात कोणी येऊन नमस्कार केला, की ताई आधी खाली बघतात आणि मग म्हणतात, "हां, नख बोटात शिरलेला तूच ना गा." समोरचा बिचारा पाय मागे घेतो. कामठीच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मुलींना कवायत शिकवली, पण कवायतीआधी त्या सगळ्यांना बूट काढायला लावत आणि कोणाला फोड आला आहे, कोणाचा मोजा ओला आहे हे बघत. निवृत्त झाल्यावर अख्खं नागपूरच त्यांच्या वर्गात बसलं. कामठीहून शेअर ऑटोत येताना समोरच्या अनोळखी बाईला "बोटांच्या बेचक्या पुसत नाही का वं तू?" असं विचारायला त्यांना काही वाटत नाही. त्या बाईनं उतरायच्या आत चप्पल काढून पाय दाखवलेला असतो, हे त्याहून नवलाचं.

नागपुरात बर्डीवरच्या चपलांच्या दुकानात त्या शिरल्या, की मालक स्वतः उठून येतो, आदरानं नव्हे, धास्तीनं. जोडा घ्यायचा तो संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय सुजतो. घालून बसायचं नाही, उभं राहायचं. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. मग चालून बघायचं, आणि ताईंचं चालणं दुकानात मावत नाही. त्या नवा जोडा घालून फुटपाथवर पार पानठेल्यापर्यंत जातात, आणि मालक दारात उभा राहून डोळ्यांनी त्यांचा पाठलाग करतो. एकदा त्यानं माझ्यासाठी काढलेल्या सँडलबद्दल सांगितलं, "मॅडम, दो-चार दिवसांत सैल होईल." ताई शांतपणे म्हणाल्या, "तोपर्यंत पायानं काय करावं, भाऊ?" सँडल खोक्यात परत गेली.

साऱ्या गावानं त्यांच्यापुढे पाय केले, फक्त त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नाही. हे बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर उभं राहायचं काम, बऱ्याच वर्षांची शुगर, आणि पायांत पुढून निमुळते, चकचकीत काळे बूट. दर रविवारी ताई यायच्या, पंख्याखाली बसायच्या आणि म्हणायच्या, "पाय दाखव गा." हे पेपर वर धरायचे. "काहून दाखवू? तू काय डॉक्टर आहेस का वं?" सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे रविवारचं जेवण गप्प होत गेलं. एकदा ताई आरसा घेऊन आल्या, तळवा बघायला. यांनी तो उचलून बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "मी आता लहान नाही, ताई." ताईंनी आरसा पिशवीत घातला आणि न जेवता निघून गेल्या. त्यानंतर काही रविवार त्या आल्याच नाहीत.

मग मे महिन्यात माझ्या पुतणीच्या मुलाचं जावळ रामटेकला करायचं ठरलं. निघायला उशीर झाला आणि गडावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ताईही आल्या होत्या. त्यांनी जाड मोजे घातले होते आणि एक जोडी यांच्या हातात दिली. "लोक हसतील," म्हणत यांनी ती खिशात कोंबली. चपला काढून आम्ही देवळाच्या अंगणात उतरलो. दगड असा तापला होता, की सगळे उड्या मारत सावलीकडे पळाले. बाळाची आजीसुद्धा साडी सावरत धावली. हे मात्र मधोमध, हात मागे बांधून, बागेत फिरावं तसे सावकाश येत होते. सावलीत उभे राहिलेले लोक हसत होते. हेही हसले. "मले तर काहीच नाही वाटून राहिलं," असं अभिमानानं म्हणाले. मीसुद्धा हसत होते. ताईंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरला होता. त्या उन्हात धावत गेल्या, भावाच्या दंडाला धरून त्यांनी त्याला ओढत सावलीत आणलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "चटका लागून नाही राहिला का तुले? खरं सांग." तेव्हा कुठे यांचं हसू मावळलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून नायलॉनच्या बारीक, ताठ दोऱ्यानं तळवा जागोजागी दाबला. यांना कुठेच कळलं नाही. शुगरनं पायांची जाणीव हळूहळू गेली होती, आणि ती परत येण्याची आशा डॉक्टरांनी दाखवली नाही. बाकीचे फोड सुकले, पण उजव्या अंगठ्याखालची जखम चिघळली. ती भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, नाहीतर विष वर पायात चढेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ताई कामठीहून कपड्यांची पिशवी घेऊन राहायलाच आल्या. ड्रेसिंगच्या आधी हात धुवायच्या, यांचा पाय मांडीवर घ्यायच्या, पट्टी बांधायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. आम्हाला जखमेपेक्षा त्या गप्पपणाची भीती वाटायला लागली. एकदा यांच्यानं राहवलं नाही. "काहीतरी बोल ना वं, ताई. शिव्या दे पाहिजे तर." ताई म्हणाल्या, "पाय वर घे." बस, तेवढंच.

ज्या दिवशी अंगठ्याचा निर्णय व्हायचा होता, त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, कडेनं लाल, नवं मांस दिसतंय, अंगठा राहील. ताई एकदम खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं, आणि नजर जमिनीशी होती म्हणून असेल, डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमचा जोडा टाचेतून निघून राहिला. एक नंबर मोठा आहे." डॉक्टर हसले. मला रडू आलं.

जखम पूर्ण भरल्यावर, एका संध्याकाळी, दोघं बहीणभाऊ आणि मी बर्डीवर गेलो. रुंद, मऊ, आतून शिवण न टोचणारा जोडा निघाला. "बरोबर बसला," हे म्हणाले. "तुले काय समजते," असं ताई सवयीनं बोलून गेल्या आणि मग त्यांना आपल्याच शब्दांचा अर्थ कळला. ताई खाली वाकल्या, जोडा काढून घेतला आणि स्वतःचा हात आत घालून सगळीकडून चाचपत राहिल्या, कितीतरी वेळ.

आता दर रविवारी हे आपण होऊन मोजे काढतात. ताई कोमट पाण्यानं पाय धुतात, बेचक्या कोरड्या करतात, तळव्याला तेल लावतात. शेवटी देवघरातली कापसाची एक वात घेतात. हे डोळे मिटतात. ताईंनी वात तळव्याला टेकवायची आणि यांनी लागलं का ते सांगायचं. गेल्या रविवारी मी चहा घेऊन आले, तेव्हा वात अजून हवेतच होती, तळव्यापासून चांगली वीतभर लांब.

"लागलं," डोळे मिटूनच हे म्हणाले.

ताईंनी वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बरं झालं गा. सुधारून राहिलं," आणि त्यांनी मोजा चढवला.