सातव्या गाण्यातला आवाज

डहाणूचा बँड म्हटलं की लोक आधी विचारतात, वारल्यांचा तारपा कोण वाजवतं? कुणीच नाही! मी गिटार वाजवते आणि गाते. ड्रमर तलासरीचा, गुजराती वरातींत ढोल बडवून हात तयार झालेला. बेसवाल्याच्या घरची चिकूची वाडी. तिथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही आमचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. रॉक होतं, गरबा होता, अच्छाडच्या ढाब्यांवर ट्रकवाले लावतात तसलं रडकं प्रेमही होतं.

सातवं गाणं मात्र जमेना. त्याला वरोरच्या माझ्या मावशीचाच आवाज हवा, हे मला आतून कळत होतं. एके काळी गावात कुणाचीही हळद असो, गाणं मावशीच धरायची. काका गेले आणि बोलावणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. विधवेला हळदीच्या मांडवात कोण बोलावतं? मला याचा असा संताप यायचा की बस्स.

"मी नाय गाणार," तिने मला उडवून लावलं. "उद्या कोणाच्या संसाराला काय झालं, तर खापर माझ्यावर फुटंल."

"मावशी, आमच्या गाण्यात कुणाचं लग्नच नाही गं."

शेवटी आली. चिकूच्या क्रेटवर बसली, "हात चालव की, जेवला नाय का?" म्हणून ड्रमरला झापलं आणि एका दमात गायली. आम्ही तिघं वेड्यासारखे नाचलो. जाताना तिची एकच अट होती, "माझं नाव टाकू नको." मुंबईची पोरं ऐकतील, वरोरमध्ये कोण ऐकतंय, असा तिचा हिशोब.

अल्बम सगळ्या अ‍ॅपवर आला त्या सकाळी माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. ड्रमरने डीजेवाल्या दोस्ताचा टेम्पो आणला आणि आम्ही तो थेट वरोरला, बोंबील सुकवायच्या वलांड्यांपाशी उभा केला. बायका बांबूंवर बोंबील टांगत होत्या, मावशीही त्यांच्यात होती. पहिल्या गाण्याला सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. गरब्याच्या तालावर दोघीतिघी नाचल्यासुद्धा.

सातवं सुरू झालं. आधी गिटार, मग ती. बायकांच्या हातातले बोंबील हातातच राहिले. नाव आम्ही खरंच टाकलं नव्हतं, पण तो आवाज ओळखायला वरोरमध्ये कुणाला नाव लागतंय? मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, संपलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. बोंबलांची पाटी उचलून ती घराकडे निघाली.

शेजारची बाई तिला आडवी आली. त्या बाईच्या मुलाची हळद रविवारी होती.

"रविवारी ये. गाणं तूच धर."

"मी? लोकं काय बोलतील?"

"नवऱ्याची आय मी हाय. लोकं नाय."

मावशीने पाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मी तर सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. टेम्पोत आठवं गाणं ठणाणा वाजत होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

रविवारी आम्हा बँडवाल्यांना वाजवायचं आमंत्रण नव्हतं. "गिटार घरीच ठेव," असा मावशीचा निरोप आला. मांडवात तिने पहिली ओळ धरली, तेव्हा मागून ती ओळ झेलणाऱ्या बायकांत सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होते.