ऐंशी सेंटीमीटर

ब्राउनश्वाइग शहर सोडून बसने पाऊण तास गेलं की जमीन सपाट होते आणि सपाटच राहते. बीट, गहू, पुन्हा बीट, मधूनमधून पवनचक्क्या. त्यातच चाळीस घरांचं एक गाव आहे. तिथलं दुकान आधी बंद झालं, मग खानावळ, मग शाळा. बस दिवसातून दोनदा येते आणि बहुतेक वेळा रिकामीच परत जाते.

दिनकर चव्हाण या गावात बेचाळीस वर्षं राहतो. मूळचा मिरजेचा. टर्नर म्हणून शहरातल्या कारखान्यात आला, या गावातल्या गुडरुनशी लग्न केलं आणि इथलाच झाला. गुडरुन सासूकडून एकच मराठी शब्द नीट शिकली होती: अहो. ती अंगणातून तशी हाक मारायची आणि गावाने तेच त्याचं नाव धरलं. बारा वर्षांपूर्वी ती गेली.

दरवर्षी एप्रिलमध्ये चर्चची माणसं दफनभूमीतला एकेक दगड हाताने ढकलून बघतात. हलला, तर त्याला पिवळी पट्टी चिकटवतात. गेल्या वर्षी ती पट्टी गुडरुनच्या दगडावर होती. तिच्यावर लिहिलं होतं: पंधरा मेपर्यंत पक्का बसवा, नाहीतर आडवा करून ठेवू.

दिनकरने तळवा टेकवून ढकललं. दगड बोटभर हलला.

तो दगड त्याने स्वतः बसवला होता. बापाचा ओळंबा लावून, दोन फूट खणून, काँक्रीट हाताने कालवून. तेव्हा शेजारी विल्फ्रीड दफनभूमीच्या कुंपणापलीकडच्या आपल्या शेतात उभा राहून म्हणाला होता, "ऐंशी सेंटीमीटर जा, अहो. इथं थंडी जमिनीत उतरते."

"माझा बाप गवंडी होता."

"मिरजेत थंडी कुठवर उतरते?" विल्फ्रीड हसला होता.

बायकोला मातीत ठेवून तेव्हा चारच महिने झाले होते. ते हसणं दिनकरच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून समोरासमोर दारं असून दोघं नुसती मान हलवायचे.

रविवारी गार्चिंगहून केयाचा फोन आला. लेकीला मराठी कळतं, बोलते मात्र जर्मन.

"आईचा दगड हलतोय," तो म्हणाला.

"मग कारागीर बोलाव, पापा. त्र्याहत्तरचा झालास तू."

"दगड मी बसवलाय."

"गेनाऊ. बरोबर. म्हणूनच."

सोमवारी तो फावडं घेऊन गेला. दगडाच्या कडेने खणलं. काँक्रीटला तडा नव्हता, पण अख्खा ठोकळा तिरका उचलला गेला होता. खाली पोकळी होती. त्याने हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. दर हिवाळ्यात गोठून फुगणाऱ्या मातीने तो थोडा थोडा वर ढकलला असणार. माल बरोबर होता, ओळंबा बरोबर होता. खोली चुकली होती.

दगड एकशे ऐंशी किलोचा. एकट्या माणसाला तो पाडता येतो, उचलता येत नाही. चेनपुली गावात एकाच कोठारात होती.

त्याने हात धुतले, रस्ता ओलांडला आणि घंटी दाबली. विल्फ्रीड काठी टेकत दारात आला. ऐंशी पार केलेला, खुबा नवा बसवलेला.

"तुझी चेनपुली हवी होती."

"कशाला?"

"दगड काढायचाय. तू म्हणाला होतास ते खरं होतं."

"अकरा वर्षं लागली."

"दगडाला लागली. मला आज कळलं."

"मिरजेत थंडी पडली वाटतं," विल्फ्रीड म्हणाला आणि किल्ली आणायला आत गेला.

काम दोन दिवस चाललं. तीन पायांचं तिकाटणं उभं करून, त्याला चेनपुली टांगून दगड उचलला, फळ्यांवर निजवला. जुना ठोकळा घणाने फोडला. खणायचं दिनकरने, मोजायचं विल्फ्रीडने, स्टुलावर बसून.

"सत्तर."

दिनकर खणत राहिला.

"अठ्ठ्याहत्तर."

"पुरे ना?"

"मी ऐंशी म्हणालो होतो."

दिनकरने आणखी दोन सेंटीमीटर काढले. खडी टाकून ती धुम्मसाने ठोकून बसवली, काँक्रीट ओतलं. मग दोघं कॉफी घेत बसले.

"जुलैत जातोय मी," विल्फ्रीड म्हणाला. "हॅनोव्हरला, मुलाकडे. घर विकलं."

"आधी का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? मान हलवताना?"

मेमध्ये पट्टी निघाली. जुलैत विल्फ्रीड गेला. शहरातल्या कुणीतरी घेतलेल्या त्याच्या घराच्या खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्याच राहिल्या. हिवाळ्यात पारा उणे चौदापर्यंत उतरला.

या एप्रिलमध्ये चर्चची माणसं यायच्या आदल्या सकाळी दिनकर दफनभूमीत गेला. तळवा टेकवून ढकललं. दगड हलला नाही. खांदा लावून ढकललं, तरी नाही.

सांगायला म्हणून तो कुंपणाकडे वळला. पलीकडे बिटासाठी नांगरून ठेवलेलं शेत होतं, आभाळाला टेकेपर्यंत.

त्याने आणखी एकदा ढकलून बघितलं.