डाग न पडणारा नळ

दुकानात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध कधीच संपला होता, पण नळ विकायला उभे राहिले की ते शिकवायलाच लागत. गिऱ्हाईक आलं की आधी खुर्ची, मग प्यायला पाणी, आणि मग प्रयोग. टेबलावर चार नळ बसवलेले होते: चकचकीत क्रोम, चकचकीत सोनेरी, काळा मॅट आणि ज्यात तोंड दिसत नाही असा मंद रुपेरी. त्यांच्यावर मास्तर बाटलीतलं बोअरचं पाणी शिंपडत, गिऱ्हाइकाच्या बोटाला तेलाचा थेंब लावून चारही नळांना हात लावायला सांगत आणि म्हणत, "आता टाइल्स बघून या. माझं ऐकू नका, अर्ध्या तासाने नळच बोलतील." अर्ध्या तासाने चकचकीत नळांवर पांढरी वर्तुळं आणि बोटांचे ठसे उठलेले असत, काळ्यावर क्षाराची भुकटी दिसे, आणि मंद रुपेरी मात्र आपण त्या गावचेच नाही अशा थाटात उभा असे. "घरात पोरं आहेत ना? मग हा घ्या," मास्तर म्हणत.

इथपर्यंत सगळा सचोटीचा मामला होता. गोची होती ती सोनेरीपाशी. एखाद्याचा जीव सोनेरीवरच जडला, तर मास्तर त्याला अडवत नसत. उलट छाती ठोकून सांगत, "घ्या की! टेबलावरचं सोडा. माझ्या स्वयंपाकघरात हाच आहे, सतरा वर्षं झाली. एक डाग दाखवा, मी नळाचं नाव घेणार नाही." या वाक्यावर दुकानमालक शेठचा फार जीव होता, कारण सोनेरी माल त्या वाक्यावरच खपायचा.

आणि ते खोटंही नव्हतं. मास्तरांनी घर बांधलं तेव्हा शेठनी हौसेने भेट दिलेला तो नळ खरोखरच आरशासारखा होता. पाणी तेच जड, तरी डाग नाही. असं का, याचा मास्तरांनी विचार केला नव्हता असं नाही. जुना मुलामाच जाड असायचा, आता तसा माल येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जाणकार माणूस चुकतो तेव्हा तो असा कारणासकट चुकतो. बायकोलाही ते अधूनमधून ऐकवत, "बघ, याला म्हणतात माल." ती "हो ना," म्हणायची आणि हसायची.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

मास्तर रडले नाहीत. काही लोकांना त्यांच्या धीराचं कौतुक वाटलं, काहींनी नाकं मुरडली. खरं तर त्यात धीरबीर काही नव्हता. त्यांना काही वाटतच नव्हतं. सकाळी उठायचं, चहा करायचा, तो अर्धा कपात तसाच सोडायचा आणि दुकानात जायचं. दुसऱ्या शहरात राहणारी मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

इथे मास्तर अडायचे. खरंच आठवत नसायचं. "नेहमीचंच," ते म्हणायचे.

महिना उलटल्यावर एका सकाळी भांडं विसळताना त्यांची नजर नळावर गेली. नळ पांढरा पडला होता. तोटीच्या कडेला क्षाराचं कडं धरलं होतं, मुठीवर ठसेच ठसे, आणि बुडाशी हिरवट रेघ. मास्तरांनी चष्मा लावला, नखाने खरवडून पाहिलं. खाली सोनेरी शाबूत होतं. म्हणजे मुलामा गेला नव्हता. मग पाणीच बदललं असणार, असं म्हणून ते पायात चपला सरकवून वरच्या मजल्यावर गेले. तिथे भाड्याने राहणाऱ्या बाईंचं आणि मास्तरांच्या बायकोचं चांगलं मेतकूट जमलं होतं.

"वहिनी, हल्ली पाणी बदललंय का हो? नळावर डाग धरायला लागलेत."

"पाणी तेच आहे भाऊजी," बाई म्हणाल्या. मग त्या जरा घुटमळल्या. "तुम्हाला माहीत नाही? ती दिवसातून चारदा पुसायची तो. तुमची दुकानातून यायची वेळ झाली की गप्पा अर्ध्यावर टाकून उठायची. मी चिडवायचे, नळाला काय लाडावून ठेवलंयस म्हणून. तर म्हणायची, त्यांच्या धंद्यातली वस्तू आहे, तिच्यावर डाग दिसला तर त्यांना वाईट वाटेल."

"असं होय," मास्तर म्हणाले, आणि जिना उतरून खाली आले. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं. डोक्यात एकच हिशोब फिरत होता, तोही दुकानाचा: आपल्या त्या एका वाक्याच्या भरवशावर किती घरांतल्या बायका आज फडकं घेऊन सिंकपाशी उभ्या असतील? आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की ते वाक्य तोंडातून काढायचं, की नाही?

गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी आलं. नवराबायको, दोन मुलं, आणि नव्या घराला सात नळ हवे होते. प्रयोग झाला. बायकोचं बोट मंद रुपेरीवर होतं, नवरा सोनेरीपासून हलायला तयार नव्हता.

"चारचौघांत उठून दिसायला नको का?" तो म्हणाला.

"मास्तर, तुमच्या घरचा नळ सांगा की यांना," शेठनी गल्ल्यावरून आवाज दिला.

मास्तरांनी पुसायचं फडकं हातात घेतलं, खाली ठेवलं.

"माझ्या घरी हाच आहे. सतरा वर्षं झाली, कधी डाग दिसला नाही," ते म्हणाले. शेठ मान डोलावू लागले. "डाग पडत होते. मला दिसत नव्हते. माझी बायको दिवसातून चारदा पुसते, मी घरी यायच्या आधी. मला कालपर्यंत पत्ता नव्हता. तुमच्या घरी कोण पुसणार ते आधी ठरवा, मग रंग ठरवा."

शेठची मान तिथल्या तिथे थांबली. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. मग तोच पुटपुटला, "बरं, रुपेरीच लिहा. सातही."

मास्तर यादी लिहू लागले. ती बाई मात्र सोनेरी नळाकडेच बघत होती.

"काका, पण काकू पुसतात तरी कशाने? आमच्या आत्ताच्या घरात असलाच एक आहे. मी घासून घासून त्याची चाळण केली. रोज चारदा पुसूनही सतरा वर्षं टिकला म्हणजे काहीतरी युक्ती असणार त्यांची."

मऊ सुती फडकं, कोमट पाणी, घासणी अजिबात नाही. रोज दहा जणांना सांगायचं उत्तर मास्तरांच्या जिभेवर होतं. पण बाई ते विचारत नव्हती. मास्तरांच्या बायकोचं फडकं कुठलं, त्याला ती काय लावायची, ते कुठे वाळत घालायची, यातलं मास्तरांना काहीही माहीत नव्हतं.

"मला नाही ठाऊक," ते म्हणाले.

"मग घरी विचारून सांगा ना."

"विचारतो," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, ही आयुष्यभराची सवय. आणि लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. कुणाला विचारणार? ती गेल्याला छत्तीस दिवस झाले होते, आणि ती गेली हे त्यांना आत्ता कळलं. गिऱ्हाइकांसमोर, शेठसमोर, मास्तर खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडू लागले.