एकशे बावन्नात एक

कराडजवळ मलकापूरला आमचं घर आणि त्याला लागून थोडं रान होतं. ऊस तुटून गेला की त्या मोकळ्या रानात आटपाडीकडच्या एका मेंढपाळाचा कळप चार दिवस मुक्कामाला असे. रानाला लेंडीखत मिळायचं आणि त्यांना चारा. ही वहिवाट माझ्या वडिलांच्या वेळची. मेंढपाळ माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते. मी त्यांना मामा म्हणत असे.

मी सरकारी नोकरीत. गावोगावची पर्जन्यमापकं तपासायची आणि पावसाच्या नोंदी पडताळायच्या, हे माझं काम. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, दिसेल ते मोजायची मला सवय आहे. अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात एका सकाळी मामांनी वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळ्याचं कुंपण, एका बाजूनं उघडलं. मेंढ्या एकेक करून बाहेर पडू लागल्या. मी उभ्या उभ्या मोजल्या आणि चहा देताना म्हणालो, "मामा, एकशे बावन्न भरल्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "आवं आण्णा, कशाला मोजलासा? आमच्यात मोजत न्हाईत."

"मग एखादी चुकली तर कळतं कसं?"

"तोंडावनं. तुमी काय पोरं मोजून जेवाय बसवता व्हय?"

माझी बायको आतून हसली. मामा हसले नाहीत. "मोजलं की कुणीतरी ऐकतं," एवढंच म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले. मी आकडा वहीत लिहून ठेवला होता, तो मात्र खोडला नाही.

त्याच मुक्कामात त्यांची एक मेंढी माझ्या चुलत्यांच्या हरभऱ्यात शिरली. चुलते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजांच्या वेळी परदेशात लढून आलेले. त्यांना काही कळण्याआधीच मामा सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले आणि किती वाफे खाल्ले ते स्वतःच सांगून मोकळे झाले.

"न सांगतास तर मला कळलंबी नसतं," चुलते म्हणाले. "येडा हायस का काय तू?"

"आज न्हाई, उद्या कळलं असतं. मग पुढल्या साली बसू दिलं असतंसा का आमाला?"

चुलत्यांनी शिव्या घातल्या आणि भाकरी खायला बसवलं. मामा आटपाडीहून कृष्णाकाठापर्यंत दर साली परक्या रानांतून यायचे. त्यांच्याकडे एक काठी आणि दोन कुत्री, एवढंच बळ होतं. तरी त्यांना कुठल्या गावानं अडवल्याचं मी ऐकलं नाही.

पुढच्या जुलैत सगळ्यांच्या तोंडी स्कायलॅब होतं. अमेरिकेनं आकाशात सोडलेली ती प्रयोगशाळा, घराएवढी, आता खाली येणार होती. दिवस साधारण कळला होता, जागा कळली नव्हती. वर्तमानपत्रात तिकडच्या तज्ज्ञांचा अंदाज आला होता: जगात कुठेतरी कुठल्यातरी एका माणसाला तुकडा लागण्याची शक्यता एकशे बावन्नात एक. मी तो आकडा वाचला आणि पुढे गेलो. दुसऱ्या एका आकड्याशी त्याची गाठ घालावी असं तेव्हा मनातही आलं नाही.

चुलत्यांना मात्र तो छापलेला आकडा सहन होत नव्हता. "मोठ्या राज्यानं असं सांगायचं नसतं," ते म्हणाले. "साहेबानं कवा सांगितलं का, आमचं जहाज बुडणार हाय म्हणून? बुडलं तरी न्हाई सांगितलं. सांगितलं की दरारा गेला."

"पण लपवून डोक्यावर पडलं तर, काका?"

"पडू दे की. पडलं तरी दरारा ऱ्हातो."

मला ते पटलं नाही.

अकरा जुलैला मी कामासाठी आटपाडीला होतो. दुपारी मोकळा झालो, म्हणून तीन मैल चालत मामांच्या वस्तीवर गेलो. त्या भागात आषाढात वारा असा असतो की बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी वारा पडला होता. माळावर एक पान हलत नव्हतं. वाटेवर पहिली वस्ती लागली. माणसं दिवाळीचे कपडे घालून ओट्यावर ओळीनं बसली होती. घराघरातून मटणाचा वास येत होता आणि कुणी बोलत नव्हतं. मी रामराम केला, तर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम वर पाहिलं. मागे वाघर रिकामी होती. दोन कुत्री रिकाम्या वाघरीकडे तोंड करून राखणीला बसली होती.

मामांच्या वस्तीजवळ रस्त्यावर एक ट्रक उभा होता. खाटीक सावलीत विडी ओढत होता. आसपासच्या वस्त्यांनी जनावरं मिळेल त्या भावानं त्याला देऊन टाकली होती. मरायचंच आहे तर खाऊन तरी मरू, असा सगळा हिशेब. मामांनी अजून होय-नाही केलं नव्हतं. चार वाजता ट्रक हलणार होता.

मामी दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलासा. आता तुमीच सांगा ह्यास्नी. मेंढरं गेली आन् जीव वाचला, तर उद्या खायाचं काय?"

मामा मला बाजूला घेऊन गेले. "आण्णा, तुमी सरकारी माणूस. पडणार का न्हाई आमच्यावर? एक सांगा. न्हाई म्हणालासा तर ठेवतो."

नाही म्हणणं सोपं होतं. चुलते असते तर म्हणाले असते. पण मला जे शून्य नाही त्याला शून्य म्हणता येत नाही. जगात चारशे कोटींवर माणसं आहेत, त्यातल्या तुमच्यावरच पडणं जवळजवळ अशक्य आहे, असं मी समजावलं. वर्तमानपत्रातला अंदाजही सांगितला. "एकशे बावन्नात एक. तेही साऱ्या जगात मिळून."

मामा माझ्याजवळ सरकले.

"किती म्हणालासा?"

मी पुन्हा सांगितलं.

"त्यो तर माझा आकडा. तुमीच सांगितलावतासा, तुमच्या रानात."

मी उन्हातच खाली बसलो. पिशवीतली वही काढून मागची पानं चाळली. डिसेंबर, मलकापूर, मेंढ्या: १५२. मी घाईनं म्हणालो, "मामा, हा योगायोग आहे. आणि आकडा सात महिन्यांपूर्वीचा. मधे काही व्याल्या असतील, काही मेल्या असतील. आता वेगळाच असणार."

"मग मोजा."

ज्यांच्याकडे मोजत नसत, त्यांनी स्वतः वाघर उघडली. मेंढ्या बाहेर पडू लागल्या. मी बोटांवर वीस-वीस धरत गेलो. शेवटचं कोकरू बाहेर आलं तेव्हा एकशे बावन्न भरल्या. माझी चूक असेल म्हणून पुन्हा आत घालून पुन्हा मोजलं. एकशे बावन्न. मामींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी वहीत आकडा लिहिला नाही.

मामा मात्र एकदम निवांत झाले होते. "म्हंजी सगळी न्हाई मागत त्यो," ते म्हणाले. "एकच मागतोय. आन् मागायच्या आदी सांगतोय." त्यांनी खाटकाला जायला सांगितलं. मग कळपाच्या पुढे चालणारा मेंढा, ज्याच्या गळ्यात घंटा होती आणि जो दर साली आमच्या रानात सगळ्यात आधी शिरायचा, तो दोरीनं धरून वस्तीपासून लांब उघड्या माळावर नेला आणि खुंटीला बांधला. मी म्हणालो की शक्यता म्हणजे मागणी नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं. "सांगून येतोय म्हणून दिला," ते म्हणाले. "न सांगता आला असता, तर एकबी दिलं नसतं."

मी निघालो तेव्हा उन्हं कलली होती. मेंढा माळावर एकटा उभा होता. चरत नव्हता, ओरडत नव्हता. वारा नसूनही घंटा अधूनमधून एकेकदा वाजे. मी रस्त्याला लागेपर्यंत ती सात वेळा वाजली.

दुसऱ्या दिवशी आटपाडीच्या स्टँडवर रेडिओनं सांगितलं की स्कायलॅब पडलं, समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड टोकाला. मी बस सोडली आणि वस्तीवर गेलो. वारा पुन्हा सुटला होता. मामा माळावर खुंटीजवळ उकिडवे बसले होते. मेंढा नव्हता. दोरी होती, गळ्याकडच्या फासाची गाठ तशीच होती, घंटा बाजूला पडली होती. मी म्हणालो, लांडग्यानं नेला असेल. ह्या भागात लांडगे आहेत. पण मी भोवती पन्नास पावलं फिरून पाहिलं, रक्ताचा एक थेंब दिसला नाही, ओढत नेल्याची खूणही नाही. जमीन कडक असते, खूण उठत नाही, हेही खरं.

"कुटं पडलं?" त्यांनी विचारलं.

"लांब. दुसऱ्या देशात. माणसाला कुणाला नाही लागलं."

"तितं काय हाय?"

मला जे ठाऊक होतं तेच सांगितलं. "माळ. आणि मेंढ्या. लाखांनी मेंढ्या आहेत तिथं."

मामांनी पडलेली घंटा उचलली. मग म्हणाले, "आण्णा, एक बघा. ज्याच्या रानात पडलं, त्याच्या दारात त्ये सोडणाऱ्यांचं कोण जातंय का बघा. पेपरात ईलच की."

मी कबूल केलं आणि कबूल केलेलं करतो. त्या दिवसापासून डिसेंबरपर्यंत दोन वर्तमानपत्रं रोज वाचली, परदेशच्या बातम्यांचं पान कधी सोडलं नाही.

डिसेंबरात कळप आला. पुढे एक तरणा मेंढा होता, गळ्यात तीच घंटा. चुलतेही येऊन बसले होते. मामांनी बसायच्या आधी विचारलं, "गेलं का कोण?"

"मी वाचतो त्या दोन वर्तमानपत्रांत तरी काही आलेलं नाही," मी म्हणालो. "गेलेही असतील. मला माहीत नाही."

चुलते म्हणाले, "मोठं राज्य कुणाच्या दारात जात नसतं, गड्या."

"आदी सांगितलं, ते लय चांगलं केलं," मामा म्हणाले. "पर निम्मंच केलं. मागनं जायाबी लागतं. पुढल्या खेपंला कोण बसू दील त्यास्नी?"

चुलत्यांनी सरकून त्यांना जागा करून दिली. चहा आला. ह्या वेळी मामांनी तो पूर्ण घेतला.

सकाळी वाघर उघडायच्या वेळी मी तोंड घराकडे करून उभा राहिलो. खुरांचा आवाज संपेपर्यंत वळलो नाही.