वैशूचा बूट आईनं सांभाळला

अनुभव लिवून दे म्हणाले तवा म्या आदी न्हाईच म्हणलं. माझी शाळा पाचवीत सुटली. आन् देवाचा अनुभव म्हंजी शांत झाल्याल्या माणसानं सांगावा, माझा तर राग अजून गेल्याला न्हाई. पर आमच्या देवळातले गुरवबाबा म्हणाले, रागासकट लिव, आईला, म्हंजी देवीला, चालतंय. म्हणून लिवते. चुकलंमाकलं पोटात घाला.

"देवीला वाहिलाय ना? मग नवीन पण देवीकडूनच घ्या."

साताऱ्याच्या विम्याच्या हापिसातल्या बाबूनं मला आसं म्हणलं, आन् शेजारचा दुसरा बाबू बशीत चहा ओतता ओतता खुदकन हासला. माझ्या कडंवर माझी लेक वैशू, साडेपाच वर्षांची, तिचा डावा पाय माझ्या मांडीवर नुसता लोंबतोय. शिरवळपास्नं यष्टीत उभ्यानं आल्याली मी, सकाळपास्नं पोटात घोटभर पाणी न्हाई. मला रडू न्हाई आलं. अंगाची आग झाली.

वैशू दीड वर्षाची आसताना ताप आला आन् डावा पाय गेला. पोलिओ. मिरजेच्या डाक्टरांनी कॅलिपर लावा म्हणून सांगितलं. दोन लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट. आमी त्याला बूटच म्हणतो. आमचे हे शिरवळला कंपनीत हायेत, पगारातनं दर म्हैन्याला विम्याचं कापून घेत्यात, म्हणून तो बूट विम्यातनं मिळाला. तवा मी टेकावरच्या आईला बोलले हुते. टेकावरची आई म्हंजी माझ्या माहेरची, इस्लामपूरजवळ आमच्या गावच्या टेकावर तिचं देऊळ हाय. म्हणलं, माझी पोर चालू दे, तिचा पयला बूट तुझ्या दारात बांधीन. आन् तीन वर्षांची वैशू त्यो बूट घालून खट् खट् करत उंबऱ्यापास्नं चुलीपत्तुर आली. त्या आवाजानं मी भाकरी करपवली.

पुढं पोर वाढली. वाढणारच की! सळी तोकडी पडली, मांडीचा पट्टा रुतून रगात यायला लागलं. ह्यांनी हापिसात इचारलं तर "बघू" म्हणाले. आमाला वाटलं, मिळंल. ती जखम बघवंना म्हणून बूट काढून ठिवला, आन् चैतातल्या जत्रंला गेले तवा नवस फेडला. देवळाच्या तुळईला माझ्या हातानं बूट बांधला. नवीन मिळंलच आता, ह्या भरवशावर. हीच माझी चूक म्हणायची.

नवीन मागायला गेले तर बाबू म्हणतो, "कॅलिपर पाच वर्षांतून एकदाच. नियम आहे."

म्हणलं, "आवं सायेब, पोर पाच वर्षं तेवढीच कशी ऱ्हाईल?"

"मधे पाहिजे असेल तर दोनच कारणं आहेत. मोडला नाहीतर हरवला. आणि जुना जमा करायचा. त्याच्यावर नंबर ठोकलेला असतो."

"हरवल्याला बूट जमा कसा करायचा वो?"

"बाई, वाद घालू नका. फॉर्मात आहे ते सांगतोय."

मग जुना कुटंय म्हणून त्यानं इचारलं, मी खरं ते सांगितलं, आन् त्यो वर लिवल्याला टोमणा त्यानं मारला. तीन खेपा झाल्या माझ्या. मिरजेच्या डाक्टरांनी सांगितल्यालं, बिनबुटाची आजून चार म्हैने ठिवली तर गुडघा वाकडा धरंल, मग बूट मिळूनबी उपेग न्हाई. शाळंतल्या बाई म्हणाल्या, आपल्या पायानं आली तर पयलीत घेते, उचलून ठिवायला माझ्याकडं माणूस न्हाई. आन् इकडं पोर घरभर घसटत फिरायची, फ्रॉक ढुंगणावर फाटल्याला. मला जिना चढून आल्यावानी दम लागायचा बसल्या जागी.

शेवटी म्हणलं, जाते आन् बूट माघारी मागते. आमच्या आत्याबाई, म्हंजी सासूबाई, कपाळाला हात लावून बसल्या. "देवाला दिल्यालं माघारी आणणार? आन् पोरीच्या पायात घालणार?"

"पायात न्हाई वो, हापिसात जमा करायला."

"आगं मग तर लयच झालं! देवीचं काढून बाबूला वाहणार व्हय!"

मला हासू आलं न्हाई तवा. भ्या वाटत हुतं. आई कोपली आन् पोरीचा दुसरा पाय गेला तर? तरी वैशूला कडंवर घिऊन निघाले.

टेकाव दुपार तापल्याली. देवळात कुणी न्हाई आसं समजून मी आईच्या म्होरं उभी ऱ्हायले आन् तोंड सोडलं. म्हणलं, तुला डोळं हायेत का न्हाईत? तुझ्या नावावर मला हासत्यात. म्या शबुद पाळला, नवस फेडला, आन् माझीच पोर फरशीवर घसटती! लबाड माणसाला सगळं मिळतंय, खरं बोलल्यालीला तू बरी कोपऱ्यात उभी करतीस. लय बोलले. आता आठवून लाज वाटती.

तवर खांबाआडनं कुणीतरी म्हणलं, "बोल पोरी, बोल. पर जरा दम खा, मरशील."

एक म्हातारी बाई घोंगड्याव बसली हुती. कोकणातनं मेंढरं घिऊन माघारी माणदेशाकडं निघाल्याली माणसं, टेकाखाली त्यांची मेंढरं बसल्याली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं वैशूला वढून मांडीवर घेतलं, मांडीवरचा वण बोटानं चाचपला आन् म्हणाली, "ही तर दोरी रुतल्याची खूण. कोकरू बांधलं की आमी दर पंधरवड्याला गळ्यातली दोरी सैल करतो. न्हाई केली तर मांसात जाती. पाच वर्सं म्हणतोय? त्या हापिसात कुणी कोकरू पाळलं न्हाई व्हय?"

एवढी शिकल्याली माणसं मी बघितली, पर माझ्या मनातलं कुणी आसं बोललं नव्हतं. त्या बाईपशी मी पयल्यांदा रडले.

गुरवबाबा आले. म्हणाले, आईला इचारल्याबिगर मी हात लावणार न्हाई. त्यांनी कौल लावला, म्हंजी आईच्या दोन्ही खांद्यांना वल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. आमी बसलो. पाकळी काय पडंना. खालच्या रस्त्यानं माझी साताऱ्याची यष्टी निघून गेली, हॉर्न ऐकला मी. मनात म्हणलं, बघ, हितंबी बाबूच बसलाय. म्हातारी म्हणाली, "आई इचारात पडलीया. जिचा बूट तिला म्होरं जाऊ दे." वैशू घसटत घसटत गाभाऱ्यात गेली, आईच्या पायाला हात लावून म्हणाली, "आई, माझा बूट दे की." आन् उजवी पाकळी पडली. पोरीच्या धक्क्यानं पडली आसंल, वाऱ्यानं पडली आसंल. मला ठावं न्हाई. पडली एवढं खरं.

गुरवबाबांनी बूट खाली घेतला तर मी बघतच ऱ्हायले. चामडं मऊ, सळ्या चकचकीत, नंबर सवच्छ. म्हणाले, "आईच्या दारातली चीज, दर आमुशाला तेल लावतो." घरी ऱ्हायला आसता तर? ह्यांनी जत्रंआदीच भंगारवाल्याला द्यायचं म्हणलं हुतं, जागा अडवतोय म्हणून.

यष्टी चुकली म्हणून मी त्या दिशी माहेरात ऱ्हायले आन् दुसऱ्या दिशी साताऱ्याला गेले. बाबूनं बूट उलटासुलटा केला, नंबर जुळवला आन् म्हणाला, "हा तर एकदम चांगला आहे. मोडलेला नाही, हरवलेला नाही. कोणत्या रकान्यात लिहू?"

माझ्या अंगात काय आलं मला कळंना. मी वैशूला उचलली आन् त्याच्या टेबलाव, त्याच्या कागदांवरच बसवली. बूट तिच्या पायाला लावून धरला, गुडघ्याचा पट्टा पोटरीला येत हुता. म्हणलं, "ह्यो घ्या रकाना! मोडला न्हाई, हरवला न्हाई, पोर वाढली! माझी पोर वाढली ह्यो काय गुन्हा झाला व्हय? कोकराची दोरीबी माणसं सैल करत्यात सायेब, आन् तुमी लेकराला पाच वर्षं एकाच मापात बांधताय!"

आतल्या खोलीचं दार उघडलं आन् एक डाक्टर बाहीर आले. म्हैन्यातनं एकदाच येत्यात म्हणं ते कागद तपासायला, आन् ती तारीख त्याच दिशी हुती. आदल्या दिशी गेले आसते तर आतली खुर्ची रिकामी आसती. त्यांनी काय बोलायच्या आदी पोरीचा गुडघा हळू वाकवून बघितला. मग बाबूचाच पेन घेतला आन् मोडला, हरवला ह्या दोन रकान्यांच्या खाली, कोऱ्या जागंत, लिवलं: लहान झाला. खाली सही.

नवीन बूट झाला. शाळा लागून दोन म्हैने झाले हुते, तरी बाईंनी घेतलं. वैशू खट् खट् करत वर्गात गेली.

आनखी एक टोचणी हुती. जुना बूट नियमापरमानं हापिसातच ऱ्हायला, लोखंडी कपाटात, धुळीत. देवीची चीज! मी टेकाव जाऊन गुरवबाबांपशी कबूल केलं. ते म्हणाले, "बरंच झालं की. इथं काय, समदे हात जोडूनच येत्यात. तिथं आईची जास्त गरज हाय." त्या म्हातारीचं इचारलं, तर मेंढरं दुसऱ्याच दिशी उठली हुती. नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं. अजून रुखरुख लागती.

दीड वर्षानं वैशूचा बूट परत तोकडा झाला. आता परत भांडायचं म्हणून मी दम धरून हापिसात शिरले. बाबूनं आमाला बघितलं, कपाटाकडं बघितलं. मग म्हणाला, "उभी राहा गं. किती उंच झालीस!" आन् मी कायबी बोलायच्या आदी, त्यानं खालच्या कोऱ्या जागंत आपल्या हातानं लिवलं, लहान झाला.

नियम आजूनबी पाच वर्षांचाच हाय. कागदावर रकाना आजून दोनच. त्याचा राग मी सोडणार न्हाई, कारण माझ्यासारख्या आनखी किती आया कडंवर पोरं घिऊन त्या बाकड्याव बसत्यात. पर टेकाव जाते तवा आता आईला बोल लावत न्हाई. जी चीज मी देऊन मोकळी झाले, तीच माझ्या कामाला आली. जे माझ्या हातात न्हाई ते तिच्या दारात बांधून येते. तेल ती लावती. भांडायला मी जाते. माझ्या म्होरं वैशू देवळाच्या पायऱ्या चढती, खट् खट्, आन् त्यो आवाज गाभाऱ्यापत्तुर पोचतो.