करपलेल्या खोबऱ्याचा मसाला

माझा राग माझ्या सुनेवर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको.

बायको भाद्रपदात गेली. लोक भेटायला यायचे तेव्हा सून ओढणी डोळ्याला लावून म्हणायची, "आईंच्या हाताला काय चव होती हो!" मी भिंतीकडं बघत बसायचो. चव होती ना? मग त्या चवीचा मसाला कचऱ्यात कुणी घातला?

आमचं गाव चांदवडकडं. मी चौथी शिकून नाशकात आलो, सातपूरला कारखान्यात खातं झाडायला लागलो, मग हळूहळू लेथवर गेलो. खोल्या बदलल्या, पोरगा शिकला, आता म्हसरूळला त्याचा फ्लॅट आहे, तिथं राहतो. एवढ्या वर्षांत सगळं बदललं, पण चैत्र लागला की बायकोचा काळा मसाला ठरलेला. मिरच्या वाळवायच्या, कांदा उभा चिरून उन्हात टाकायचा, एकेक जिन्नस थेंबभर तेलावर वेगळा भाजायचा, मग सगळं कांडपाच्या गिरणीत न्यायचं. सोळा जिन्नस. माप म्हणजे एक पोचा आलेली पितळी वाटी. कागदावर काही नाही, कारण तिला लिहिता येत नव्हतं आणि मला कधी लिहावंसं वाटलं नाही.

भाजलं गेलं की नाही, हे ती वासावर ओळखायची. गॅसकडं पाठ करून लसूण सोलत बसायची आणि मध्येच म्हणायची, "उतरवा, धने झाले." मी उतरवायचो. कधी मुद्दाम जरा उशीर केला की मान न वळवता म्हणायची, "झोपले का?"

मग वय झालं. गुडघे गेले, डोळे गेले. ते दिसतं, म्हणून लोक हात देतात, खुर्ची देतात. नाक गेलेलं कुणाला दिसत नाही. दोन वर्षांमागं तिला ताप आला, त्यात वास गेला आणि परत आला तो निम्माच. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं, की एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि ही शेजारीच बसून मेथी निवडतेय.

"अगं, दूध!"

"कुठंय?" म्हणाली.

बाकी गमतीही झाल्या. एकदा एका पायात स्वतःची आणि एका पायात सुनेची चप्पल घालून पंचवटीत भाजीला गेली. बाजार फिरली, भाजीवालीशी भांडली, रिक्षात बसून आली आणि दारात म्हणते, "आज एक पाय लय हलका पडत होता." आम्ही सगळे हसलो. तीही पोट धरून हसली. नात म्हणाली, "आजी, उद्या माझे बूट घालून बघ." तोवर ठीक होतं.

पण पुढं पाहुणे आले तेव्हा तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. पाहुण्यांनी कप खाली ठेवले. सून हसत म्हणाली, "आई, तुम्ही आता किचनमध्ये नाही आलात तरी चालेल." हसत म्हणाली, पण पाहुण्यांसमोर म्हणाली. बायको पदराला हात पुसत राहिली, कोरडेच हात.

त्यानंतर मीही तिच्या मागं मागं फिरायला लागलो. गॅस बंद केला का बघ, नळ सोडलास, औषध दोनदा घेतलंस का. मला वाटायचं मी काळजी घेतोय. एक दिवस ती वळून म्हणाली, "तुम्हीबी माझ्या चुका वेचत फिरता का? घरात एक माणूस तरी सोडा मला." त्या दिवशी मी ठरवलं, आता हिला काही म्हणायचं नाही. काय वाटेल ते होऊ दे.

चैत्रात मसाला काढला. गॅसकडं पाठ करून बसायची ती बसली. धने झाले, तीळ झाले. खोबरं कढईत होतं. मला वास आला. आधी चांगला आला, मग जरा जास्त, मग करपल्याचा. ती लसूण सोलतेय. मी तिच्या पाठीकडं बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या सांगण्याची वाट बघत होतो आणि ती सांगत नव्हती. शेवटी म्हणाली, "उतरवा." मी काळंकुट्ट खोबरं उतरवून बाकीच्यात मिसळलं.

कांडपवाल्यानं पिशवीत नाक घातलं आणि माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघायला लागलो.

घरी त्या मसाल्याची आमटी झाली. पोरानं एक घास घेऊन सुनेकडं बघितलं, सुनेनं डोळ्यानं गप्प केलं. "छान झालाय हो आई." मीही दोन वाट्या प्यायलो. जीभ कडू झाली, पण प्यायलो.

चार दिवसांनी घंटागाडी आली. सून कामाला गेलेली, म्हणून बायकोच बादली घेऊन खाली उतरली. मी जिन्यात होतो. गाडीवरच्या बाईनं बादली उपडी करता करता एक पिशवी उचलली, सोडून बघितली.

"आजी, एवढा मसाला टाकताय? दोन किलो तरी असंल."

बायको पुढं झाली. बोटावर मसाला घेतला आणि सवयीनं आधी नाकाशी नेला. नाकाला काय येणार? मग जिभेवर ठेवला.

"माझाच आहे," म्हणाली. "ने तू, बाई."

वर आली, पाणी प्यायली. सुनेला एका शब्दानं विचारलं नाही, मलाही विचारू दिलं नाही. मसाल्याच्या डब्यात दुसऱ्या दिवसापासून दुकानातला मसाला. डबा तोच. तळाला वाटीभर जुना राहिला होता, तो मी एका बाटलीत भरून माझ्या कपाटात ठेवला. बायको त्यानंतर गॅसजवळ गेली नाही. दिवसभर गॅलरीत बसायची. फक्त घंटागाडीची घंटा वाजली की उठून, गुडघे धरत खाली जायची. मला वाटायचं, आपलं आणखी काय काय टाकलंय ते बघायला जाते. बघून माझ्या काळजात आग पडायची. पाच महिन्यांनी गेली. डॉक्टर म्हणतात हृदय. म्हणू देत.

दिवाळीनंतर सून माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, आईंच्या मसाल्याचं प्रमाण तुम्हाला माहीत असेल ना? यंदा आपण घरी करू."

"मला काय माहीत? मी नुसती कढई उतरवायचो."

खोटं बोललो. सोळाच्या सोळा जिन्नस माझ्या डोक्यात आहेत, किती वाटी कोणता, कशानंतर कोणता. रोज सकाळी दात घासताना ओळीनं म्हणतो, कारण माझंही आता खरं नाही. परवा स्वतःच्या मोबाईलचा नंबर आठवेना, रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगताना अडकलो. एखादा जिन्नस निसटला की बायको तेवढी अजून गेली, असं वाटतं. पण ठरवलं होतं, माझ्याबरोबर जाऊ दे सगळं. सुनेला मिळायला नको. दर उन्हाळ्यात ही दुकानात जाऊन पाकीट आणील आणि तिला आठवेल. तेवढीच शिक्षा माझ्या हातात होती.

मग आखाजी आली. तुम्ही अक्षय तृतीया म्हणत असाल. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि गेलेली बाई असेल तर एका बाईला तिच्या जागी जेवायला बसवतात. त्या दिवसापुरती ती बाई म्हणजे आपलं पितर. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, घरच्या सुनेनं वाढायचं, पाया पडायचं.

सून म्हणाली, "माझ्या मावशीला सांगते जेवायला."

"मी सांगून आलोय एकीला."

"कुणाला, आबा?"

"घंटागाडीवरच्या बाईला."

पोरगा मोबाईलमधून वर बघायला लागला. "आबा, असं कुणालाही कसं…"

"कुणालाही नाही. तुझ्या आईचा मसाला तुम्ही टाकला, तिनं उचलून नेला. आईच्या जागी कोण बसवायचं ते मला कळतं."

सुनेचं तोंड उतरलं. पांढरं पडलं. मला ठाऊक आहे हे तिला पहिल्यांदा कळलं. त्या तोंडासाठी मी आठ महिने थांबलो होतो. लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आखाजीच्या दिवशी बाई ड्युटी संपवून आली. नवी साडी, केसांत गजरा. पाटावर बसताना अवघडली. सुनेनं पाय धुतले, कुंकू लावलं, ताट मांडलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. रशी, म्हणजे कटाची आमटी, मात्र मी सांगून माझ्या बाटलीतला मसाला घालून करायला लावली होती. मी समोर खुर्ची घेऊन बसलो. सून वाकून वाढतेय, हे मला नीट बघायचं होतं.

बाईनं रशीचा घोट घेतला आणि थांबली.

"बाबा, ह्यो मसाला आजींचा तोच का?"

"तोच."

"तरीच म्हटलं." हसली. "राग नका मानू, पण लय कडू हाय ह्यो. मी दोनदा भाजीत घातला तर मालक म्हणतो, कोळसा घातला का? मग टाकला मीबी."

मी म्हटलं, "टाकला?"

"टाकला ना. आजींना सांगून टाकला. त्या रोज खाली येऊन विचारायच्या, कसा लागला, कसा लागला. दोन दिवस टाळलं. मग म्हटलं, आजी, खोबरं करपलंय तुमचं. तर काय म्हणाल्या माहितीये? बरं झालं बाई, तू तरी सांगितलंस. घरात सगळे छान म्हणतात आणि मला वेडी ठरवतात. मग रोज यायच्या, दोन गोष्टी बोलायच्या, जायच्या."

बाईनं कुरडईचा तुकडा मोडला.

"तुमचंबी म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, माझ्या माणसाला वास आला होता. त्याचं तोंड मी वळखते. त्यानं बोलायला पायजे होतं."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. ठेवताना पाणी सांडलं.

बाईनं माझ्याकडं बघितलं, मग पोळी घेऊन उभ्या राहिलेल्या सुनेकडं, मग परत माझ्याकडं. ती काही वेडी नाही. "बाबा, मला जेवायला बोलावलं का कुणाला दाखवायला?"

काय सांगणार? "जेवायला," म्हटलं. तिनं मान हलवली, म्हणजे पटलं नाही पण चालेल. "मग वाढा की ताई आमरस," सुनेला म्हणाली. सुनेनं वाढला. हळूच म्हणाली, "मलापण तोंडावर सांगता आलं नाही, आबा." मी ऐकलं नाही असं दाखवलं. सांगता येत नाही म्हणून गप्प बसणं वेगळं आणि लपवून बादलीत घालणं वेगळं, असं मला अजूनही वाटतं. पण ते मोठ्यानं म्हणायला त्या दिवशी तोंड राहिलं नव्हतं.

बाई जेवली, सुनेला आशीर्वाद देऊन गेली. जाताना म्हणाली, "नाक आमचंबी जाणार हाय कधीतरी. तेवा सांगा म्हणावं घरच्यांना."

त्याच आठवड्यात मी मिरच्या आणल्या. सून सुट्टी घेऊन घरी थांबली. तिला पितळी वाटी दिली आणि गॅससमोर उभं केलं. मी एकेक जिन्नस सांगत गेलो, ती भाजत गेली. गोड बोललो नाही. "किती हलवतेस, भात आहे का?" असंही म्हणालो. खोबरं कढईत पडलं तेव्हा मी तोंड फिरवून बसलो आणि मुद्दाम गप्प राहिलो. वास चांगला आला. मग जरा जास्त आला. मी वाट बघत होतो.

"आबा," ती म्हणाली, "वास बदलला. उतरवते."

"उतरव."

मसाला बरा झाला. कडू नाही. सून बोटावर घेऊन चाखत म्हणाली, "छान आहे, पण आईंच्यासारखा नाही. काहीतरी राहिलं का हो?"

"असेल."

राहिलंय. जायपत्री. पंधरा सांगितले, सोळावा सांगितला नाही. तेवढा राग अजून शिल्लक आहे आणि तो मला हवा आहे. आता सकाळी दात घासताना सगळी यादी म्हणावी लागत नाही. एकच जिन्नस म्हणतो आणि चूळ भरतो.