मोठ्यानं वाचा, मॅडम

झ्लातिना लोम शहराच्या बंदरावर क्रेन चालवायची. तिच्या तोंडी लागायची हिंमत तिथल्या पुरुषांनाही नव्हती. तिच्या मुलीला, इवेताला, मधुमेह होता. दंडावरचं यंत्र पोरीच्या फोनला साखर कळवायचं आणि तिथून ती आईच्या फोनवर दिसायची.

एका सकाळी आकडे उतरता उतरता एकदम बंदच झाले. तिनं शाळेत फोन लावला. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत," कारकून म्हणाली. झ्लातिना क्रेन तशीच सोडून धावली. इवेता व्यायामशाळेच्या फरशीवर बेशुद्ध पडली होती. फोन मुख्याध्यापिका तोनचेवाबाईंच्या कपाटात, कुलपात.

"शाळेत फोनबंदी आहे. नियम सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या.

पोरगी वाचली. झ्लातिना कदाचित तेवढ्यावर शांतही झाली असती. पण पुढच्याच आठवड्यात बालकल्याण खात्याची बाई दारात आली. आई मुलीला उपाशी शाळेत पाठवते, अशी तक्रार शाळेनं केली होती. त्या बाईनं फ्रिज उघडून आतलं चीज, दही, उकडलेली अंडी सगळं पाहिलं. शेजारीण जिन्यातून बघत होती.

त्या दिवसापासून झ्लातिनाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

वकील द्राझेव म्हातारा होता, पण पक्का. "शिक्षण खात्याकडे तक्रार केलीस तर तपासनीस येईल, कॉफी पिऊन जाईल. कोर्टात भरपाई मागता येते, पण त्यात वर्षं जातात. भेदभावविरोधी आयोगाकडे गेलीस तर सुनावणी होते. मनात आलं तर तिथं तडजोडही करता येते."

"यातल्या कुठल्या वाटेनं ती मुख्याध्यापिका चारचौघांत उभी राहील?"

द्राझेवनं चष्मा काढला. "तुला न्याय हवाय की सूड?"

"तुम्ही अर्ज लिहा हो, आजोबा."

सुनावणीत शाळेला आधीच दिलेलं डॉक्टरांचं पत्र निघालं. फोन मुलीजवळच हवा, असं त्यात स्पष्ट होतं, आणि खाली पोच म्हणून तोनचेवाबाईंची सही. बाईंचा चेहरा पडला. बाहेर येताच त्यांच्या वकिलानं तडजोडीचं काढलं. इवेताला मदतनीस देऊ, बालकल्याणची तक्रार मागे घेऊ, बंद खोलीत माफीही मागू.

"बंद खोलीत नाही," झ्लातिना म्हणाली. "पालकसभेत. आणि काय वाचायचं ते मी लिहिणार."

पालकसभेला सभागृह गच्च भरलं होतं. ती शेजारीणही आली होती. इवेता आईशेजारी बसली होती. तोनचेवाबाई कागद बघून वाचू लागल्या. "आजारी मुलीचा फोन मी काढून घेतला... तिच्या आईवर खोटा आळ घेतला..."

"मोठ्यानं वाचा, मॅडम," पहिल्या रांगेतून झ्लातिना म्हणाली. "मागं ऐकू येत नाहीये."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मध्येच त्यांना रडू फुटलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. झ्लातिनानं नजर हटवली नाही.

घरी जाताना इवेता म्हणाली, "आई, बाई रडत होत्या गं. मला कसंतरीच झालं."

"मला नाही झालं."

"आता संपलं ना?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं द्राझेवला फोन लावला. "आजोबा, त्या दिवशी व्यायामशाळेत शिक्षक कोण होता हो?"